टाचणीच्या टोकाएवढी बाहुली

डॉक्टरांनी काकांची पापणी वर केली, टॉर्च मारला आणि म्हणाले, "बघा, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीये." दोन्ही डोळ्यांत तसंच. ते अजून माझ्या नजरेसमोरून जात नाहीये.

सकाळी रामबागेतल्या घरी पोहे खाता खाता काका म्हणाले एकाचे दोन दिसतायत, मग चक्कर, उलटी, जीभ जड, आणि आम्ही सगळे म्हणालो पित्त झालं असेल, इंदूरचं ऊन बाधलं असेल, लिंबू सरबत द्या. तोंड वाकडं नव्हतं, दोन्ही हात उचलत होते, म्हणून स्ट्रोक कुणाच्या मनातच आला नाही. सरबताचा जोरात ठसका लागला, तोही गिळण्यावर परिणाम झाल्याचाच होता हे नंतर कळलं.

साध्या सीटी स्कॅनमध्ये ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या खालच्या देठाच्या, मधल्या भागात, पॉन्समध्ये, पांढरा डाग. ताजं रक्त तसं पांढरं दिसतं म्हणे. म्हणजे तिथे रक्तस्राव झाला होता, हाही स्ट्रोकच, आणि बाहुल्या त्यामुळेच बारीक. अंगठ्याएवढा ब्रेनस्टेम, पण श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, शुद्ध, सगळं त्याच्यावर. कारण बीपी. गोळ्या महिनाभर बंद होत्या, "मला कुठे काय होतंय" म्हणून.

काका आयसीयूत आहेत. काकू बाहेर बाकावर बसून एकच विचारतायत, मी सरबत द्यायला नको होतं का गं?

तुमच्या घरी बीपीची गोळी आज घेतली का कुणी?