फुगा फुटायच्या आत मरे नदी ओलांडा

अ‍ॅडलेडमधला अमॅच्युअर रेडिओ एक्सपेरिमेंटर्स ग्रुप हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, क्लब ‘प्रोजेक्ट होरस’ या नावाने दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या माउंट बार्करहून उंच जाणारे फुगे सोडतो. वसंतातल्या एका रविवारी मी पहिल्यांदाच अशा फुग्यामागे गाडी घेऊन गेलो. जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहून ठेवतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नदीची. फुगा सेकंदाला साधारण 5 मीटर चढतो, म्हणजे 30 किलोमीटरवर पोचून फुटायला त्याला साधारण शंभर मिनिटं लागतात. तेवढ्यात वरचा पश्चिमी वारा त्याला मरे नदीच्या पार नेऊन सोडतो. मॅनम, पर्नाँग, वॉकर फ्लॅट, स्वान रीच इथे नदी ओलांडायची ती केबलवरून चालणाऱ्या फेरीबोटीतून. फेरी फुकट आहे, दिवसरात्र चालते, पण एका खेपेत मोजक्याच गाड्या घेते. आम्ही मॅनमला कॉफी पीत रेंगाळलो आणि फेरीच्या रांगेत असतानाच फुगा फुटला. विरळ हवेत पॅराशूट धरत नाही, पेलोड, म्हणजे फुग्याखाली टांगलेला रेडिओचा डबा, दगडासारखा येतो. हातात उरतो अर्धा-पाऊण तास. कॉफी पलीकडच्या तीरावर प्या.

घाई कशासाठी, तर वर असताना पेलोडचा काही मिलिवॅटचा सिग्नल पाचशे किलोमीटरवरही ऐकू येतो, पण जमिनीवर पडला की टेकाडापलीकडे पोचत नाही. सोंडहब या फुग्यांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर घरोघरचे रिसीव्हर त्याची जागा दाखवत होते, ते 900 मीटर उंचीवर थांबले. तिथून खाली यायला तीन मिनिटं, आणि तेवढ्यात वारा पेलोडला किलोमीटरभर सहज सरकवतो. आमच्या टपावरच्या साध्या अँटेनाने मात्र 60 मीटरपर्यंत ऐकलं. शोधायचं वर्तुळ एवढंसं झालं ते त्यामुळे. ऐकायला परवाना लागत नाही. लॅपटॉप, एसडीआर डाँगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि 434 मेगाहर्ट्झची अँटेना पुरे. नदीपलीकडे मोबाइलची रेंज गेली आणि आम्ही नकाशे उतरवून घेतले नव्हते. तुम्ही आदल्या रात्रीच घ्या.

पेलोड गव्हाच्या उभ्या पिकात पडला होता. आधी घर शोधून शेतकऱ्याला विचारलं. तो स्वतःच बरोबर आला आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीतूनच चाला म्हणाला. विचारल्याशिवाय फाटक ओलांडू नका, आणि उघडलेलं फाटक लावून घ्या. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात गाडी घालायचीच नाही, वणवा पेटतो. साप असतात, पूर्ण लांबीची पँट आणि बूट हवेतच.

शेवटच्या शंभर मीटरमध्ये सिग्नल सगळीकडून सारखाच जोरात येतो. तेव्हा यागी (दिशा शोधायची अँटेना) बाजूला ठेवा, रिसीव्हरची अँटेनाच काढा आणि जिकडे आवाज वाढेल तिकडे चाला. कंबरेएवढ्या गव्हात केशरी पॅराशूटसुद्धा दहा पावलांवरून दिसलं नाही. डबा हातात घेतला तेव्हा आतल्या लिथियम बॅटऱ्या अजून चालू होत्या. साध्या अल्कलाइन वरच्या उणे 50 अंशांत टिकत नाहीत.

एक रिकामी पिशवी न्या. फुटलेल्या फुग्याच्या लॅटेक्सच्या चिंध्या दोरीबरोबर येतात, त्या एकूण एक गोळा करा. पीक काढल्यावर त्याच शेतात मेंढ्या चरतात.