दैवी स्वभावाचे वाटेकरी

बायबलमधील पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या वचनाशी माझे वाचन दर वेळी अडते. आपण ‘दैवी स्वभावाचे वाटेकरी’ व्हावे, असे तेथे म्हटले आहे. वाटेकरी हा शब्द वाटणीपत्रातला आहे. वडिलोपार्जित घरात ज्याचा हक्काचा हिस्सा असतो तो वाटेकरी. तो हिस्सा त्याने कमावलेला नसतो, त्या घरचे लेकरू म्हणून त्याला मिळालेला असतो. ग्रीक धर्माचार्य ज्याला ‘थिओसिस’ म्हणतात, म्हणजे मनुष्याने कृपेने ईश्वराच्या जीवनात सहभागी होणे, ते मला या एका शब्दामुळे उमगू लागले.

आमच्या इंदूरच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची उपासना, हिंदीत होते. अर्पणविधीच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसाच्या प्याल्यात पाण्याचा थेंब टाकतात आणि हलक्या आवाजात प्रार्थना करतात की, ज्याने नम्र होऊन आमचे मनुष्यपण घेतले, त्याच्या ईश्वरपणात आम्हांला वाटा मिळावा. तेवढ्यात अर्पणगीत सुरू झालेले असते, दानाची पिशवी ओळींमधून फिरत असते, आणि ही प्रार्थना बहुतेकांच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण साऱ्या ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म त्या एका थेंबात आहे.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने हेच मर्म एका वाक्यात मांडले : आपण देव व्हावे म्हणून तो मनुष्य झाला. पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, हा पित्याने निर्माण केलेला आहे, असे एरियस हा धर्मगुरू शिकवीत होता, आणि 325 च्या निकियाच्या धर्मसभेने ते मत नाकारले. अथनेशियसचा युक्तिवाद असा की, पुत्र स्वतःच निर्मित असता तर तो आपल्याला ईश्वराशी जोडू शकलाच नसता. जे मुळात आपल्यापाशी नाही, ते दुसऱ्याला कोठून देणार? या आग्रहापायी त्याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले.

माझ्या हिंदू मैत्रिणी विचारतात, “मग हे अद्वैतच ना?” प्रश्न रास्त आहे. तुकोबांच्या अभंगात मीठ पाण्यात मिळते आणि निराळे काही उरत नाही. आमच्या प्याल्यातला थेंबही डोळ्यांना पुन्हा दिसत नाही. तरीही सातव्या शतकातील मॅक्सिमस या ग्रीक धर्माचार्याने जो दृष्टान्त वापरला तो अग्नीतल्या लोखंडाचा आहे. लोहारपट्टीत लहानपणी मी तो भात्याजवळ उभी राहून पाहिला आहे : काळी कांब निखाऱ्यांत खुपसली की आधी तांबूस, मग नारिंगी होते, आणि पुढे तर निखारा कोणता व कांब कोणती, हे ओळखू येत नाही. ती आगीसारखी उजळते, जाळतेही, पण असते लोखंडच. सांडशीने बाहेर काढून ऐरणीवर ठेवली की काही क्षणांत तिच्यावर काळसर छटा उतरू लागते. उष्णता तिची स्वतःची नव्हती.

चौदाव्या शतकात पूर्वेकडील ग्रीक परंपरेतल्या ग्रेगरी पालामासने हाच भेद शास्त्रीय भाषेत सांगितला : ईश्वराचे सत्त्व आपल्या आवाक्याबाहेरच राहते, परंतु त्याच्या शक्तींमध्ये, म्हणजे त्याच्या प्रत्यक्ष कार्यात आणि प्रकाशात, आपण खरोखर सहभागी होतो. पाश्चात्त्य चर्चने ही मांडणी तशीच्या तशी उचलली नाही. त्या वादात मी येथे शिरत नाही. वाटा खरा आहे, एवढे दोन्ही परंपरांना मान्य आहे.

परंतु तापलेले लोखंड ओळखायचे कसे, हे मला पुस्तकांपेक्षा आमच्याच परिसराने अधिक शिकवले. उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांसाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसने इंदूरकडे निघाल्या असताना वाटेतच भोसकून मारल्या गेल्या. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आले. त्यांची सख्खी बहीणही धर्मभगिनी. मारेकरी तुरुंगात असताना ती त्याला भेटायला गेली, त्याला क्षमा केली आणि ज्या हाताने सुरा चालवला होता त्याच माणसाच्या मनगटावर तिने राखी बांधली.