पेपर चांगला होता, परीक्षक मिळत नव्हते

माझा संशोधनाचा पेपर छापून आला, तरी जर्नलच्या पोर्टलवरचे ‘रिव्ह्यूअर्स इन्व्हायटेड’ (म्हणजे पेपर तपासणाऱ्या परीक्षकांना आमंत्रणं गेलीत) हे शब्द आठवले की अजून डोकं तापतं. बडोद्यात विषाणूंवर पीएचडी करणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून लिहितेय.

काम भेंडीच्या केवडा रोगावर. बडोद्याजवळच्या पादरा गावाकडच्या शेतांतून शिरा पिवळ्या पडलेली पानं आणली, हा रोग करणाऱ्या बेगोमोव्हायरस गटातल्या विषाणूचा पूर्ण डीएनए-ए (त्याचा मुख्य डीएनए) वाचला. ते सगळं सुरळीत झालं.  मग पेपर एका जर्नलला पाठवला. नाव घेत नाही.

संपादकांनी पेपर परीक्षणासाठी पुढे काढला आणि तो तिथेच रुतला. रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर पोर्टल उघडायचं, तर तेच शब्द, तीच तारीख. पावसाळा सरला, गरबे झाले, दिवाळी आली. माझ्या गाईड मॅडम म्हणायच्या, “थांब गं, संपादकांना टोचू नकोस.” यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्ती उरलेली नाही हे खरं, पण पुढच्या जागेसाठी अर्ज करताना पहिल्यांदा पेपरच विचारतात. मला थांबणं परवडणारं नव्हतं.

शेवटी मॅडमना विचारूनच मेल लिहिली. चार ओळी: पेपरचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, सद्यस्थितीची विचारणा आणि परीक्षकांची नवी नावं. उत्तर लगेच आलं. आमंत्रणं जात होती आणि नाकारली जात होती. परीक्षण बिनपगारी असतं, आणि बेगोमोव्हायरसवाले बरेचसे एकमेकांचे सहलेखक, म्हणजे हितसंबंध आले, तेही बाद! मी सुचवलेल्यांपैकी कुणी आमच्यासोबत लिहिलेलं नव्हतं आणि सगळ्यांचे पत्ते संस्थेचे होते. जीमेलचा पत्ता दिला तर परीक्षक खोटा असेल अशी संपादकांना शंका येते. त्यानंतर गाडी हलली. म्हणून सांगते, महिनोन्‌महिने गप्प बसू नका. सभ्य शब्दांत विचारलं तर कुणी रागावत नाही.

एका परीक्षकाने बीटासॅटेलाइटचाही (विषाणूच्या जोडीने असणाऱ्या छोट्या डीएनएचाही) पूर्ण क्रम मागितला. मागणी रास्त होती. केवड्याची लक्षणं उमटायला बीटासॅटेलाइटच लागतो. नव्या प्रजातीचा दावा आम्ही केलाच नव्हता, कारण ज्ञात विषाणूंशी डीएनए-एचं साम्य 91 टक्क्यांच्या खाली असेल तरच तो करता येतो. हा आकडा पाठवण्याआधीच तपासा.

जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात क्रम जमा करून त्याचा क्रमांकही आधीच घ्या; पेपर छापून येईपर्यंत क्रम गुप्त ठेवता येतो. पैशांचं म्हणाल, तर वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये ओपन अ‍ॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येईल अशी सोय) न घेता छापायला सहसा काही पडत नाही. पैसे नाहीत म्हणून कुठल्यातरी भुक्कड जर्नलकडे वळू नका.

आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारी प्रत, नीट वाचा. प्रजातीचं नाव तिरक्या अक्षरांत, विषाणूचं सरळ. आमच्या प्रूफात नेमकं उलटं झालं होतं. मी प्रत्येक ठिकाणी खूण करून परत पाठवलं, आणि छापून आलं तेव्हा एकही चूक नव्हती.