साठ ग्रेटर की चार?

डिसेंबरात अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा ओहोटी होती. लांब ओल्या वाळूत दोनशेएक करडे चिखल्या, म्हणजे सँड प्लव्हर, विखुरले होते. त्यांचे दिसायला सारखे दोन प्रकार: लहान तो लेसर, मोठा तो ग्रेटर. घरी येऊन ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केली: लेसर सँड प्लव्हर 140, ग्रेटर 60. दोन दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकांची मेल आली: ‘ग्रेटर एवढे? चोच बाजूने दिसेल असे फोटो पाठवाल का?’

फोटो भरपूर होते. एकेक मोठा करून स्क्रीनवर कागदाची पट्टी लावली. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराची खूण करायची आणि पट्टी चोचीवर धरायची. ग्रेटरची चोच खुणेच्या पुढे जाते, लेसरची फार तर खुणेपर्यंत. डोकं जरा वळलेलं असलं तरी माप फसतं, त्यामुळे निम्मे फोटो बाद झाले. उरलेल्या एकतीस पक्ष्यांत ग्रेटर निघाला एक!

मी आकारावर गेलो होतो. लेसर अठरा ते एकवीस सेंटीमीटर आणि ग्रेटर बावीस ते पंचवीस, एवढं पाठ होतं. पण वाऱ्यात पिसं फुगवून एकटा उभा असलेला लेसर केवढा तरी दिसतो, आणि शेजारी दुसरा पक्षी नसेल तर डोळ्यांना अंदाज येत नाही. (2023 मध्ये लेसरच्या तिबेटन आणि सायबेरियन अशा दोन जाती झाल्या. आपल्याकडे येतो तो प्रामुख्याने तिबेटन.)

ओळखीच्या एका काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “अहो, ओहोटीला त्यांच्यामागे कशाला चालता? भरतीला बसून राहा, पाणीच त्यांना तुमच्याकडे आणेल.”

पुढच्या खेपेला भरतीच्या दोन तास आधी सुरूच्या सावलीत बसलो. पाणी चढत गेलं तसा थवा सरकत सरकत चाळीस पावलांवर आला, आणि प्रथमच दोघे शेजारी शेजारी दिसले. लेसरची चोच आखूड, बोथट, पाय काळपट. ग्रेटरची चोच लांब, टोकाला निमुळती, पाय उंच आणि फिके, हिरवट-पिवळट. थवा उडाला तेव्हा ग्रेटरची बोटं शेपटीच्या बाहेर आलेली स्पष्ट दिसली. एकाने तर माझ्यासमोर खेकडा उपसून काढला. तो किती वेळ पाहत होतो कुणास ठाऊक!

त्या दिवशीचे ग्रेटर चार. डिसेंबरची नोंदही दुरुस्त केली: ग्रेटर 1, आणि बाकीचे नुसते ‘सँड प्लव्हर’.