खोकी, चिखल आणि घुमट

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत 2009 साली पुठ्ठ्याची खोकी करायला भाड्याची शेड घेतली तेव्हा आम्ही पाच जण होतो. मी, माझे यजमान, एक ऑपरेटर आणि दोन हेल्पर. जुना सिंगल फेसर (कागदाला लाटा पाडून तो सपाट कागदावर चिकटवणारं मशीन), एक स्टिचिंग मशीन, आणि क्राफ्ट पेपरची रीलं ठेवायला जागा नाही म्हणून निम्मी दाराशी ताडपत्रीखाली. आधी काजूवाल्यांची खोकी केली, मग औषध कंपन्यांची, मग बाटल्यांची. आज आम्ही 34 जण आहोत. कामगार यजमानांना पात्रांव, म्हणजे मालक, म्हणतात आणि मला वहिनी. मशिनांची गोष्ट सांगायला मला जास्त आवडलं असतं, पण परवा एका मैत्रिणीनं फोनवर विचारलं, "तुमच्याकडे माणसं टिकतात तरी कशी?" तेव्हा तीच गोष्ट सांगते.

माणसं टिकत नव्हती, तिथून सुरुवात करावी लागेल.

आमच्या धंद्यात खरा वैरी पाऊस. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि क्राफ्ट पेपर हवेतला ओलावा ओढून घेतो. असं खोकं दिसायला धडधाकट असतं, पण थप्पी लावली की खालचा थर बसतो. 2016 च्या जुलैत एका गिऱ्हाइकाच्या गोदामात आमची पाच पदरी खोकी अशीच बसली. सगळा माल परत आला. टेम्पो उतरवताना पेस्टिंगवरची काकी म्हणाली, "वहिनी, कागद दमट होता. हाताला कळत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मागच्या खेपेला बोलले होते. सुपरवायझर म्हणाला, तू गम लाव, कागद मी बघतो."

पैसे गेले ते गेलेच. पण काकीच्या तळहाताला कळलेली गोष्ट वीस पावलांवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचली नाही, हे मला जास्त झोंबलं. नंतर हिशेब काढला, तर त्याआधीच्या दीड वर्षात नऊ जण सोडून गेले होते, आणि "घरची अडचण" यापलीकडे कारण एकानंही दिलं नव्हतं.

यजमानांनी उपाय शोधला: टीम बिल्डिंग. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये एक रविवार, सोबत बाहेरून बोलावलेला ट्रेनर. ऑगस्टमध्ये दर उतरलेले असतात म्हणून तीच तारीख धरली. ऑगस्ट म्हणजे श्रावण, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! जेवणात इसवण (सुरमई) तळलेला, कोळंबीची आमटी, आणि निम्मी माणसं भात, डाळ नि काकडी खात बसलेली. ऑफिसचे लोक एका टेबलावर, झारखंडची मुलं दुसऱ्या, बायका दाराजवळ. शेडमध्ये जसे बसायचे तसेच. शिवाय आठवड्याची एकुलती एक सुट्टी गेली ती गेलीच.

खेळही तसेच. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचं, पाठ करून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो. काकींनी ट्रेनरला सरळ सांगितलं, "मी नाही पडायची. कंबर मोडली तर पेस्टिंग कोण करणार, तुम्ही?" सगळे हसले. दिवसभरात सगळे एकत्र हसले ते तेवढंच.

तरी दोन गोष्टी आम्ही त्या दिवसातून घरी आणल्या, त्याचं श्रेय ट्रेनरला दिलं पाहिजे. त्यानं फळ्यावर ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची 1965 सालची मांडणी लिहिली: गट जमतो, मग भांडतो, मग रीतभात ठरवतो आणि मग कुठे नीट काम करायला लागतो. मी दुसऱ्या पायरीकडे बघत राहिले. आमच्याकडे भांडण कधी झालंच नव्हतं, आणि मी त्याचा अभिमान बाळगून होते.

दुसरी गोष्ट म्हणजे मनोऱ्याचा खेळ. स्पॅगेटीच्या 20 काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरी आणि एक मार्शमॅलो. 18 मिनिटांत उंचात उंच मनोरा उभा करायचा, मार्शमॅलो टोकावर हवा. पीटर स्किलमन यांनी हा खेळ काढला, टॉम वूजेक यांनी तो जगभर नेला, आणि बालवाडीतली पोरं त्यात मॅनेजमेंट शिकलेल्यांना हरवतात असं त्यांना दिसलं. मोठी माणसं आखणी करत राहतात आणि शेवटच्या मिनिटाला वजन वर ठेवतात. पोरं पहिल्यापासून ते वर ठेवून बघतात. आमच्या ऑफिसवाल्यांनी कागदावर आकृती काढली, मनोरा उभा केला, मार्शमॅलो ठेवला आणि सगळं आडवं. पेस्टिंगच्या बायकांनी आधी मार्शमॅलो हातात घेऊन तोलला. त्यांचा मनोरा बुटका होता, पण उभा राहिला.

सोमवारी ओलावा मोजायचं मीटर मागवलं आणि ते आल्यावर सुपरवायझरला न देता काकींच्या हातात दिलं. 9 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर रील मशिनवर चढणार नाही, आणि हा निर्णय पेस्टिंगचा. प्रत्येक ऑर्डरची पहिली तीन खोकी भरून, थप्पी लावून बघायची. सकाळी आठ वाजता स्टिचिंग मशीनपाशी दहा मिनिटं सगळ्यांनी उभ्या उभ्या बोलायचं, आणि त्यात पात्रांव सर्वांत शेवटी बोलणार. हा शेवटचा नियम पाळणं यजमानांना किती जड गेलं, ते मलाच माहीत.

सुपरवायझर मात्र मनातून दुखावला. माणूस वाईट नव्हता, पहिल्या दिवसापासूनचा ऑपरेटर तोच. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर येतो की नाही, अशी धाकधूक होती. आला, पण तोंड चढलेलंच.

मग दसरा आला. यंत्रांची पूजा आम्ही दरवर्षी करतो. झेंडूची माळ, नारळ, पेढे, अर्ध्या तासात संपतं. त्या वर्षी माशेलच्या एका हेल्परनं विचारलं, "वहिनी, घुमट आणू?" हा मुलगा रीलं ढकलायचा, चार शब्दांच्या वर बोलायचा नाही. येताना दोन घुमटं, शामेळ हा ढोल आणि कांसाळं, म्हणजे झांजा, घेऊन आला. आरती सुरू झाली आणि शेडच्या पत्र्याखाली तो नाद असा घुमला की शेजारच्या युनिटमधले लोक दारात येऊन उभे राहिले.

घुमट माहीत नसेल त्यांच्यासाठी: मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड डाव्या हातानं झाकत-सोडत आतली हवा खेळवायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचं. पूर्वी घोरपडीचं चामडं लावत. वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. 2019 साली राज्य सरकारनं त्याला वारसा वाद्याचा मान दिला. पण ते नंतर.

त्या दिवशी सुपरवायझरला राहवलं नाही. त्यानं दुसरं घुमट गळ्यात अडकवलं आणि पहिल्याच आवर्तनात ताल सोडला. हेल्पर थांबला. सगळ्यांसमोर म्हणाला, "असं नको, भाऊ. डावा हात आधी सोडा." सुपरवायझरनं डावा हात सोडला. परत चुकला. परत सांगितलं. पंधरा मिनिटं हे चाललं, आणि ज्याला कोणी कधी काही सांगायला धजावलं नव्हतं तो माणूस घामाघूम होऊन, हसत, बावीस वर्षांच्या पोराकडून शिकत होता. झारखंडचा एक जण गावी मांदर वाजवायचा. त्यानं शामेळ मागून घेतलं आणि वेगळाच ठेका धरला. आरतीत तो बसला नाही, पण ऐकायला छान वाटलं.

त्यानंतर गुरुवारी सुटीच्या आधी अर्धा तास घुमटाचा, असं आपोआप ठरलं. आम्ही फक्त तो अर्धा तास पगारी धरला. काही महिन्यांनी सुपरवायझर रील बघताना काकींना हाक मारून विचारू लागला. मी ते मुद्दाम टिपून ठेवलं नाही, कानावर पडत गेलं. "काकी, हात लावून बघा गो जरा."

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला असतो. तिथं जायची कल्पनाही त्याच हेल्परची. अंगाला तेल चोपडून पुरुष मंडळी चिखलात लोळतात, आणि एकदा माखल्यावर अकाउंटंट कोण नि लोडर कोण हे ओळखू येत नाही. बायका पायऱ्यांवरून मजा बघत होत्या. खर्च म्हणाल तर टेम्पोचं डिझेल आणि भजी.

यामुळे सगळं गोड झालं असं नाही. 2018 मध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकले आणि आम्ही ओव्हरटाइम दोन महिने उशिरा दिला. त्या दोन महिन्यांत गुरुवारी घुमटाला कोणी थांबलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. फरक इतकाच, की या वेळी आठच्या बैठकीत त्यांनी ते तोंडावर सांगितलं. यजमानांना राग आला. मला हायसं वाटलं. 2020 च्या टाळेबंदीत औषधांच्या खोक्यांचं काम चालू होतं. झारखंडची मुलं शेडमागच्या खोलीतच राहिली, आणि काकींच्या घरून त्यांना भाजी येत होती. ते कोणी ठरवून दिलेलं नव्हतं.

गेल्या दसऱ्याला एक घुमट टेम्पोत आपटून फुटलं. नवीन आणलं, तेव्हा पेस्टिंगच्या बायकांनी त्याच्यासाठी पाच पदरी खोकं केलं, आत वर्तमानपत्राचे बोळे, वर दोरीची मूठ. शीट रिजेक्टमधली होती, त्यामुळे खोक्यावर कुणा गिऱ्हाइकाचं काजूचं चित्र उलटं छापलेलं आहे. गम लावायच्या आधी काकींनी मीटर लावून कागद तपासला. सुपरवायझर बाजूला उभा राहून म्हणाला, "घुमटाला कशाला मीटर?" काकी म्हणाल्या, "तू ताल सांभाळ, कागद मी बघते."