ब्रेक नसलेली सायकल घेताना

निपाणीच्या भाच्याला दिल्लीच्या ट्रॅक सायकलिंग शिबिराचं बोलावणं आलं आणि घरात ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला. भावजींना कार्बनची फ्रेम हवी, पोराला डिस्क चाक, म्हणजे तारांऐवजी सपाट तबकडीचं. "मामा, दिसायला भारी आहे की!" भारी आहेच, पण ते मागाहून बघू.

दिल्लीचा इंदिरा गांधी संकुलातला ट्रॅक 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेला. लाकडी, 250 मीटरचा, वर छत. वळणांवर चढ चाळीस अंशांच्या पुढे. तिथं वेग पडला तर टायर घसरून माणूस थेट खाली. शिवाय फ्रीव्हील नाही, म्हणजे वळणात पाय थांबवायची सोय नाही. म्हणून मी आधी पेडल जमिनीपासून किती वर राहतं ते बघतो. रस्त्याच्या सायकलीत बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस बसतो तो भाग, चाकांच्या आसांपेक्षा साधारण 70 मिमी खाली असतं, ट्रॅकच्या सायकलीत 50 ते 60. वर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 165 मिमीचा घेतला की पेडल लाकडाला घासायची भीती बरीच कमी होते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या रंगीबेरंगी 'फिक्सी', म्हणजे फ्रीव्हील नसलेल्या एका गिअरच्या सायकली, मी याच कारणानं बाद केल्या. बहुतेक रस्त्यासाठीच्या, बॉटम ब्रॅकेट खाली, क्रँक लांब.

गिअर एकच. पुढं 48 दात, मागं 15. पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 6.7 मीटर जाते. मिनिटाला 90 फेऱ्या मारल्या तर ताशी 36 किमी. शिकणाऱ्याला एवढं पुष्कळ. मोठा गिअर लावून मिरवायची हौस पहिल्याच स्टार्टला फिटते.

खरी गंमत मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर. दातचक्र उजव्या आट्यांवर बसतं आणि त्याला अडवून धरणारी कडी, लॉकरिंग, डाव्या. पोरगं वेग कमी करायला पेडल मागं रेटतं तेव्हा दातचक्र सुटायला बघतं, पण त्याच दिशेनं लॉकरिंग आणखी आवळते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या टर्नरला दाखवलं. त्यानं नखानं आटे चाचपले आणि म्हणाला, "उलटे आटे, बरोबर केलंय ओ." जुना हब घेताना हे आटे झिजलेत का तेवढं नक्की बघा. आटे गेलेला हब फुकट मिळाला तरी नको. चेनचा ताण चाक मागं ओढून धरायचा आणि पंधराच्या पान्यानं दोन्ही नट आवळायचे. मधोमध चेन बोटानं उचलली तर सेंटीमीटरभर हलावी. काही दातांवर चेन जास्त ताणते, म्हणून चाक पूर्ण फिरवून तपासायचं.

माझं मत जुन्या ॲल्युमिनियम फ्रेमला. पुढच्या नळीचा जोड आणि मागचं चाक बसतं त्या खाचा, इथं तडे नसले की झालं. वाचलेले पैसे चांगल्या टायरमध्ये आणि मापात बसणाऱ्या हँडलमध्ये घालायचे. कार्बन पुढं कधीतरी, पोरगं टिकलं तर.

ही सायकल घेऊन जांबोटी रोडला जायचं नाही, हेही सांगून ठेवलंय. ब्रेकच नाहीत. सरावाला रस्त्याची सायकल आहे, आणि पावसाळ्यात घरात रोलर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायचे फिरते दंडगोल. रोलरला वेगळं मागचं चाक ठेवायचं. लाकडावरचे टायर रोलरवर झिजवलेले किंवा खडीच्या धुळीत घोळवलेले चालत नाहीत. भावजींना एवढं पटलं. डिस्क चाकाचा हट्ट मात्र अजून चालूच आहे.