आठवत नाही म्हणजे दुखलं नाही?

बुधवार, रात्र

आज दुसऱ्यांदा कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, झाली, या वेळी गुंगीचं इंजेक्शन न घेता. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं.

पाच वर्षांपूर्वी मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिलं होतं. सुई टोचली, आणि त्यानंतरचं आठवतं ते थेट बाहेरच्या खोलीतलं. काहीच कळलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. पुढे महिन्याभराने बायको सहज बोलून गेली, "अरे, तू ओरडत होतास. दाराबाहेर ऐकू येत होतं." तेव्हापासून डोक्यात किडा. मग ते दुखलं कुणाला?

डॉक्टरांनी सरळ सांगितलं: मिडाझोलामने मन शांत होतं आणि आठवण साठत नाही, पण ते दुखणं थांबवणारं औषध नव्हे. त्यासाठी सोबत फेंटानिल देतात. प्रोपोफॉल दिलं तर गाढ झोप, पण मग श्वासावर सतत लक्ष ठेवावं लागतं. "काहीच न घेता सुरू करू. हाताला सुई लावून ठेवतो. नको झालं तर हात वर करा, मी थांबेन."

त्या 'थांबेन'वर मी तयार झालो.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. सुरुवातीला नुसतं दडपण. मग आलं ते इंग्रजी एससारखं वळण. तिथे नळी पुढे सरकायच्या ऐवजी वेटोळं घालते आणि आतडं ताणलं जातं. "आता कळ येईल," डॉक्टर आधीच म्हणाले, आणि आलीच. पोटात कुणी पीळ घालावा तशी. हात वर करणार, इतक्यात त्यांनी नळी जरा मागे ओढली, सिस्टरनी पोटावर तळवा दाबून धरला, मला उताणं केलं. वेटोळं सुटलं आणि कळ गेलीच. इतक्या झटक्यात की हसू आलं.

मध्येच वारा सरायला लागला. मी लाजून आवळून धरलं, तर सिस्टर म्हणाल्या, "काका, कोंडून ठेवू नका, त्यानेच जास्त दुखतं." आत साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणे. तो लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतरची फुगी खरंच कमी वाटली.

नळी परत काढताना एक छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, दिसला. पडद्यावर तो फासात धरून कापताना पाहिला. काही म्हणजे काही जाणवलं नाही! आतड्याच्या अस्तराला कापलेलं कळत नाही, ताणलेलं मात्र बरोब्बर कळतं. अजब मामला.

सगळ्यात वाईट होती ती आदली रात्र आणि जुलाबाचं औषध. त्यावर कुठलीच गुंगी मिळत नाही.

तासाभरात स्वतः गाडी चालवत घरी आलो. मागच्या वेळी २४ तास गाडीला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती.

बायकोने विचारलं, पुढच्या वेळीही असंच? त्या वळणावरचा पीळ अजून लख्ख आठवतोय, त्यामुळे हो म्हणताना जीभ अडखळली. पॉलिपचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल.